आरमारी लढायांवर एकच पुस्तक वाचायचे असेल तर

लष्करी इतिहासाला आमच्या दुकानात पहिल्यापासून गिऱ्हाईक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच, शिवाय खानापूर-चंदगड भागात फौजेतल्या माणसांची घरे पुष्कळ. पानिपत, कारगिल, गडकोट यांवरची पुस्तके आली की जातात. आरमाराचे मात्र सिंधुदुर्गाची सहल आणि शाळेतले कान्होजी आंग्रे एवढ्यावर भागते. पण शेजारी कारवारला नौदलाचा कदंब तळ आहे, तिकडे पोरगा लागलेले पालक हल्ली विचारतात, "समुद्रावरच्या लढाईचं काहीतरी चांगलं द्या की ओ." त्यांच्यासाठी हे पत्रक.

आम्ही हातात देतो ते जॉन कीगन यांचे 'द प्राइस ऑफ ॲडमिरल्टी' (१९८८). पुस्तक इंग्रजी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. कीगन ब्रिटनमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत इतिहास शिकवत. लहानपणीच्या क्षयाने पाय अधू झाला, म्हणून स्वतः फौजेत गेले नाहीत. कदाचित त्यामुळेच सेनापतीच्या नकाशापेक्षा तोफेपाशी उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, याकडे त्यांचे लक्ष जास्त.

लढाया चारच घेतल्या आहेत: ट्रफाल्गर (१८०५), जटलंड (१९१६), मिडवे (१९४२) आणि मार्च १९४३ मधली अटलांटिकवरची काफिल्यांची, म्हणजे एकत्र चाललेल्या व्यापारी जहाजांच्या तांड्यांची, जर्मन पाणबुड्यांशी झुंज. म्हणजे शिडाच्या जहाजापासून पाणबुडीपर्यंतचा प्रवास.

आमचा सल्ला, सुरुवात जटलंडपासून करा. ट्रफाल्गरमध्ये शिडे-दोरखंडांच्या नावांनीच नवा वाचक दमतो. जटलंडला ब्रिटिश आणि जर्मन मिळून अडीचशेच्या आसपास जहाजे होती. तोफा भराभर डागता याव्यात म्हणून ब्रिटिश जहाजांवर तोफेच्या दारूच्या पिशव्या दारूकोठाराबाहेर रचून ठेवलेल्या आणि आग अडवणारी दारे उघडी टाकलेली. वर तोफेच्या फिरत्या बुरुजावर जर्मन गोळा फुटला की ज्वाळा खाली थेट कोठारात. तीन मोठ्या क्रूझर युद्धनौका अशाच उडाल्या. त्यातल्या 'इन्डिफॅटिगेबल'वर हजारावर माणसे होती, वाचली दोन. जर्मनांचे 'झाइडलिट्झ' जहाज १९१५ मध्ये अशाच आगीत जेमतेम बचावले होते आणि त्यांनी त्यातून धडा घेतला होता. फौजेत राहिलेला माणूस हा भाग वाचताना हमखास थांबतो, कारण घाईत नियम बाजूला सारणे त्याने पाहिलेले असते.

काफिल्यांचे प्रकरण आम्हाला सगळ्यांत आवडते. एचएक्स २२९ आणि एससी १२२ या दोन काफिल्यांतली २२ व्यापारी जहाजे बुडाली. तिथे बंदूकधारी शूर कोणी नाही, धान्य-तेल वाहणारे खलाशी आहेत.

अमेरिका-जपानमधल्या मिडवेचे प्रकरण वाचताना थोडे सावध राहा. जपानी नोंदी नीट तपासून त्या लढाईबद्दलचे बरेच जुने समज नंतरच्या अभ्यासकांनी खोडले आहेत. १९८८ च्या पुस्तकात ते येणार कुठून! चार जपानी विमानवाहू नौका बुडाल्या हे मात्र खरेच.

पुढचा काळ पाणबुडीचा, असे कीगन शेवटी म्हणतात. आपल्याकडच्या वाचकाला इथे आपल्या नौदलाची 'खुकरी' ही युद्धनौका आठवते. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी 'हंगोर' पाणबुडीने ती बुडवली. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. हे पुस्तकात नाही, पण तो शेवट वाचल्यावर त्या घटनेकडे वेगळ्या नजरेने बघाल.

प्रत विकत हवी असेल तर नाव नोंदवा, मागवून देतो. नुसती वाचायची असेल तर अनामत ठेवून घरी न्या. जहाजाच्या भागांची मराठी नावे लिहिलेला कागद सोबत मिळेल, तो परत करायची गरज नाही. इंग्रजी जड जाणाऱ्यांनी दहावी-बारावीतल्या नातवाला शेजारी बसवावे. त्याचेही वाचन होते. पेन्सिलीच्या खुणा चालतील, पान मात्र दुमडू नका.