संघीय तपासाची प्रणयरहस्य कादंबरी

अमेरिकेतील लोकप्रिय कादंबरीचा एक प्रकार. नायक, नायिका किंवा दोघेही संघीय तपासयंत्रणेत, बहुधा एफबीआयमध्ये, काम करतात. गुन्ह्याचा छडा आणि प्रेमकथा एकाच कथानकात चालतात. तिकडे या प्रकाराला ‘रोमँटिक सस्पेन्स’ म्हणतात. साध्या रहस्यकथेतून प्रेम गाळले तरी गोष्ट उभी राहते. इथे ती उभी राहिली, तर कादंबरी फसली असे खुशाल समजावे. शेवट सुखाचा होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. त्याची उत्कंठा दोघे तिथवर कसे पोचतात आणि वाटेत काय गमावतात, यात असते.

प्रणयकादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हार्लेक्विन या कॅनेडियन प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये ‘इंट्रीग’ ही मालिका सुरू केली आणि या प्रकाराला हक्काचा वाचक मिळाला. मालिकेतली पुस्तके साधारण ५० ते ७० हजार शब्दांची असतात, स्वतंत्र कादंबऱ्या त्याहून मोठ्या. निवेदन बहुतेक तृतीयपुरुषी असते आणि प्रकरणागणिक कधी तिच्या, कधी त्याच्या नजरेतून चालते. मधूनच गुन्हेगाराच्या मनातले एखादे छोटे प्रकरण येते. त्यामुळे वाचकाला धोका नायिकेच्या आधी कळतो.

१९७२ हे वर्ष या कादंबऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाचे. त्या वर्षी एफबीआयने स्त्रियांना एजंट म्हणून घ्यायला सुरुवात केली, व्हर्जिनियातील क्वांटिको येथे नवी अकादमी उघडली आणि गुन्हेगारी वर्तनाचा अभ्यास करणारा विभागही सुरू झाला. बरोबरीच्या दर्जाचे दोन सहकारी आणि विकृत खुन्याचा माग हा पुढे रुळलेला साचा त्यानंतरच पटण्याजोगा झाला.

लेखक सर्वांत जास्त घसरतात ते अधिकारक्षेत्रावर. गावात खून झाला म्हणून एफबीआय आपणहून तपास हाती घेत नाही; खून हा सहसा राज्याच्या कायद्याखालचा गुन्हा असतो. संघीय जमीन, बँकेवरील दरोडा, राज्याची सीमा ओलांडून केलेले अपहरण असे काही कारण लागते. मालिका-खुनांत स्थानिक यंत्रणेच्या विनंतीवरून एफबीआयला उतरता येते. (सीबीआयला राज्याची संमती लागते हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही अडचण चटकन उमगेल.) अपहरणानंतर २४ तास थांबावे लागते, ही समजूतही चुकीची आहे. २४ तासांत व्यक्ती सुटली नाही तर तिला राज्याबाहेर नेल्याचे कायदा गृहीत धरतो. तपास मात्र त्याआधीही सुरू करता येतो. धोक्यातल्या साक्षीदाराला नवे नाव आणि नवे घर देण्याचे काम यू. एस. मार्शल्स सेवेचे आहे, एफबीआयचे नव्हे.

या प्रकाराचा खरा कस लागतो तो एजंट साक्षीदाराच्या प्रेमात पडतो तेव्हा. ब्रॅडी (१९६३) आणि गिग्लिओ (१९७२) या खटल्यांतील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनुसार, साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला तडा देणारी महत्त्वाची माहिती सरकारी पक्षाने बचाव पक्षाला द्यावी लागते. तपास अधिकाऱ्याशी असलेले प्रेमसंबंध ही तशीच माहिती. ते लपवले आणि नंतर उघडकीला आले, तर झालेली शिक्षाही रद्द होऊ शकते. एजंटची नोकरी जाण्याचा धोका वेगळाच. उलट ते वेळीच कबूल केले, तर बचाव पक्षाला साक्षीवर बोट ठेवता येते; म्हणजे कबुली हीसुद्धा गुन्हेगार सुटण्याची वाट ठरू शकते. चांगली लेखिका हा पेच टाळत नाही. ती एजंटला वरिष्ठांपुढे कबुली द्यायला लावते, त्याच्याकडून प्रकरण काढून घेते आणि ऐन धोक्याच्या वेळी नायिकेजवळ अनोळखी अधिकारी उभा करते. कच्ची लेखिका वरिष्ठाला खाष्ट दाखवून मोकळी होते.

दुसरी नेहमीची चूक वेळेची. मारेकरी दाराबाहेर असताना रंगवलेला प्रणयप्रसंग भीती आणि प्रेम दोन्हींचे वजन घालवतो. जवळीक धोका टळल्यानंतरच्या निवांत जागेत यावी: पाळतीच्या गाडीतली लांबलेली रात्र, इस्पितळातला बाक. तिथे बोलताना तपासातला एखादा सुटलेला धागा हाती लागला, तर प्रसंग दुहेरी कामाचा होतो.