पाच नोव्हेंबरची शेकोटी : सहलीला येणाऱ्या मंडळींसाठी

आमच्या नोव्हेंबरच्या इंग्लंड सहलीत कुणीतरी हमखास विचारतं, "ही यांची दिवाळी का हो?" नाही. फटाके उडतात, पण ते एक कट फसल्याच्या आनंदात. आणि ज्या 'गाय'चा पुतळा जाळतात ती आपली गाय नव्हे, ते माणसाचं नाव. इंग्रजीत कुणालाही 'गाय' म्हणायची पद्धत त्याच्याच पुतळ्यावरून पडली.

१६०५ साली, प्रोटेस्टंट राजवटीत कॅथलिक ख्रिश्चनांवर होणाऱ्या जाचाला विटलेल्या काहीजणांनी राजा पहिला जेम्स याच्यासकट अख्खं पार्लमेंट उडवायचं ठरवलं. म्होरक्या होता रॉबर्ट केट्सबी, पण नाव झालं गाय फॉक्सचं, कारण जागेवर सापडला तो. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या तळघरात, लाकूडफाट्याखाली दडवलेल्या बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांची तो राखण करत होता. एका सरदाराला निनावी चिठ्ठी आली, झडती झाली आणि डाव उधळला. 'मी जॉन जॉन्सन' असंच तो सांगत राहिला; मग टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याचे हाल केले. त्यानंतरची त्याची सही अजून जपून ठेवली आहे : थरथरती, जेमतेम लागणारी. जानेवारी १६०६ मध्ये त्याला देहदंड झाला.

राजा वाचला म्हणून लंडनकरांनी त्याच दिवशी शेकोट्या पेटवल्या. पुढे पार्लमेंटने दरवर्षी हा दिवस पाळायचा कायदाच केला, तो १८५९ पर्यंत होता. यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत मात्र पुतळा जाळत नाहीत. फॉक्स त्यांचा माजी विद्यार्थी!

सगळ्यात जंगी मिरवणूक ससेक्समधल्या लुइस गावची. तिथे १५५० च्या दशकात जाळल्या गेलेल्या १७ प्रोटेस्टंटांसाठी १७ पेटते क्रूस निघतात. पण रस्ते अरुंद, पलिते अंगाशी, गर्दी मरणाची. आम्ही तिथे नेत नाही. मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम दाखवतो. पाच तारीख आडवारी आली तर तो बहुधा जवळच्या शनिवारी असतो.

तिथे सालासकट भाजलेला गरम बटाटा जरूर खा. पार्किन म्हणजे ओट, आलं आणि काकवीसारखा काळा पाक घातलेला यॉर्कशायरकडचा केक. अंडं चालत नसेल तर आधी विचारा. फुलबाजी पेटवताना हातमोजे घाला, विझलेली तार पाण्याच्या बादलीत टाका. मैदान ओलं असतं, चपला नकोत. आणि ठेवणीतली शाल हॉटेलवरच ठेवा, धुराचा वास दोन दिवस जात नाही.