कंबरदुखीच्या गोळ्यांनी न जाणारं दुखणं

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणीत विड्या वळणारी किंवा खानापूरकडे चिखलात वाकून भात लावणारी मराठी बोलणारी बाई दवाखान्यात येऊन ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. ‘कंबर धरलीय, झोप नाही, अंगावरून पांढरं जातंय, काय करूस नको वाटतंय,’ एवढंच सांगते. तिला लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. थोड्या दिवसांनी ती पुन्हा त्याच रांगेत असते.

शेजारच्या गोव्यातल्या संशोधनात, पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी जास्त घट्ट आढळला. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. रोज धाकात राहणाऱ्या बाईचं शरीर सदा सावध असतं. दाराची कडी वाजली तरी छातीत धडधडतं. कॉर्टिसॉलसारख्या ताणाच्या संप्रेरकांची घडी महिनोन्‌महिने विस्कटलेली राहिली, की झोप मोडते, भूक मरते, साधी वेदनाही असह्य होते. जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्त्रियांत नैराश्याची शक्यता जवळपास दुप्पट असते, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा अहवाल सांगतो. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४४.४ टक्के जणींनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं नोंदवलं. देशात हा आकडा सर्वांत मोठा होता.

तरीही ‘घरी कोण मारतं का?’ हे विचारलं जात नाही. विचारलंच, तर सासू शेजारी उभी असते, आणि उत्तर येतं, ‘सगळं बरं हाय.’ त्यात समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असले, तर बाजारहाटापुरत्या कन्नडमध्ये रात्रीची मारहाण कशी सांगणार? तिला एकटीला बसवून, तिच्या बोलीत विचारणं हे मी उपचाराचं पहिलं पाऊल मानते.

पुढचं पाऊलही आवाक्यातलं आहे. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी बोलून, त्यांना जमेल असं एकेक काम ठरवून करायला लावलं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. नैराश्य उतरलं होतं, आणि स्त्रियांना होणारी जोडीदाराची मारहाणही घटली होती. मारहाण थांबवणं ही मात्र तिची जबाबदारी नव्हे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

मन मोकळं करायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर आशाताईच्या किंवा बचत गटातल्या मैत्रिणीच्या फोनवरून लावावा.