अँटिसिपेशन : घराण्यात आजार सुरू होण्याचं वय

आजोबांना साठीत झालेला आजार मुलाला चाळिशीत आणि नातवाला विशीतच दिसला तर त्याला जेनेटिक्समधे अँटिसिपेशन म्हणतात. हे खरंच घडतं की मोजणीमुळे तसं भासतं, हा वाद बरीच दशकं चालला.

कल्पनेचं मूळ बहुधा १९व्या शतकातल्या, घराणं पिढीगणिक खालावतं या समजुतीत असावं, पण शब्द रूढ केला तो १९१० च्या सुमारास लंडनच्या फ्रेडरिक मॉट यांनी, मनोरुग्णांच्या नोंदींवरून. १९१८ मधे जर्मन नेत्रतज्ज्ञ फ्लायशर यांना मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराच्या घराण्यांत वरच्या पिढीत नुसता मोतीबिंदू आणि खालच्या पिढीत स्नायूंचा पूर्ण आजार दिसला.

१९४८ मधे ब्रिटिश जेनेटिक्स-तज्ज्ञ लायोनेल पेनरोज यांनी हे निवडीच्या दोषावर टाकलं. लहानपणीच आजारी पडलेल्यांना सहसा मुलं होत नाहीत, म्हणून आईबाप म्हणून नोंदले जातात ते उशिरा आजारी पडलेलेच, आणि लवकर, जोरात आजार झालेलं पोर डॉक्टरच्या नजरेत आधी भरतं. शिवाय काळाचा अडसर आहेच: समजा वडील १९३० चे, मुलगा १९७० चा आणि माहिती घेतली २००० साली, तर वडिलांचं आजार सुरू होण्याचं वय सत्तरीपर्यंत कितीही निघेल, मुलाचं तिशीपलीकडे जाऊच शकत नाही. अशा जोड्यांच्या नुसत्या सरासऱ्या लावल्या तर फरक दिसणारच, आजार कुठलाही असो.

म्हणून अजून धडधाकट असलेली भावंडंही हिशेबात धरतात, 'आजपर्यंत आजार नाही' एवढीच त्यांची नोंद, यालाच सेन्सॉरिंग म्हणतात. अशा अर्धवट नोंदी हाताळणाऱ्या संख्याशास्त्राच्या पद्धती, कापलॅन-मायर (१९५८) आणि कॉक्स मॉडेल (१९७२), इथे कामाला येतात, एका घरातली वयं एकमेकांशी बांधलेली असतात त्यासाठी फ्रेल्टी मॉडेल. पण ज्या पेशंटमुळे घराणं सापडलं त्याचा वेगळा हिशेब केला नाही तर एवढ्यानेही भागत नाही.

पेनरोज यांचा इशारा आजही पक्का आहे, मायोटॉनिकबाबत मात्र ते चुकले. १९९२ मधे १९व्या गुणसूत्रावर डीएनएच्या सीटीजी या तीन अक्षरांची पुन्हापुन्हा येणारी साखळी सापडली, ती पिढीगणिक लांबत जाते. हंटिंग्टनच्या, म्हणजे मेंदूच्या एका आनुवंशिक आजारात (१९९३) तशीच सीएजीची साखळी, वडिलांकडून येताना जास्त वाढणारी, म्हणून विशीच्या आत सुरू होणारा प्रकार बहुतेकदा वडिलांकडून येतो. तरी साखळी तेवढीच असलेल्या दोघांत आजार सुरू होण्याचं वय बरंच वेगळं निघू शकतं. त्यातला काही भाग डीएनए दुरुस्त करणाऱ्या जीन्सचा आहे असं २०१५ पासूनच्या अभ्यासांत दिसलंय, त्यात फॅन-१ हे जीन ठळक.