सहाणेवरचं गोरोचन

लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत, देव्हाऱ्याखालच्या फळीवर आजीची एक पितळी डबी असायची. आत कापूस आणि कापसात हरभऱ्याएवढा नारिंगी-पिवळा, ठिसूळ खडा. मजल्यावरच्या कुठल्याही बाळाची छाती घुरघुरू लागली की आजी सहाण पुढ्यात घ्यायची, आईच्या दुधाचे चार थेंब टाकायची आणि खड्याचा एकच वेढा द्यायची. ‘दोन नको, उष्ण पडेल,’ असं दरवेळी बजावायची. त्या खड्याला सगळे गोरोचन म्हणत. गोरोचन म्हणजे गाई-बैलाच्या पित्ताशयात धरलेला खडा, हे मला खूप पुढे कळलं. तो पिवळेपणा पित्तातल्या रंगद्रव्याचा. आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नका म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण त्या डबीमुळे एक गोष्ट ध्यानात आली. झाडपाल्याचं म्हणून जे औषध आपण सांगतो, त्यात प्राणी किती मुरलेला आहे हे आपल्याला दिसतच नाही.

बाळगुटीचंच घ्या. मायफळ हे फळ नव्हे. ओक जातीच्या झाडावर एक गांधीलमाशीसारखा बारीक कीटक अंडी घालतो आणि तिथे झाडाला जी गाठ येते, ते मायफळ. काकडशिंगीही तशीच, माव्यासारख्या किड्यांनी झाडावर घडवलेली पोकळ शिंगं. भुलेश्वरच्या काष्ठौषधीच्या दुकानात ती हिरडा-बेहड्याच्या शेजारच्या बरणीत मिळतात आणि कोणाला किड्याची आठवण होत नाही.

जुन्या वैद्यांनी हे लपवलं नव्हतं. चरकसंहितेत द्रव्यांचे तीन वर्ग आहेत, जांगम, औद्भिद आणि पार्थिव. यातलं जांगम म्हणजे प्राण्यांपासून आलेलं. मध, दूध, तूप, चरबी, पित्त, शिंग, नख, सगळं त्यात येतं. मेंढी, शेळी, गाय, म्हैस, हत्ती, उंट, घोडा आणि गाढव अशी आठ जनावरांची मूत्रं तिथे गुणांसकट सांगितली आहेत. शंख, कवडी, मोत्याचा शिंपला आणि प्रवाळ यांची भस्मं आजही विकली जातात. त्यांचा मूळ घटक कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे आंबट ढेकरांवर कवडीभस्माने बरं वाटतं यात नवल नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते सुश्रुताचं जळवांवरचं प्रकरण. काळबादेवीच्या निर्णयसागर छापखान्याने वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता छापली आणि हा ग्रंथ मुंबईतूनच देशभरच्या वैद्यांच्या हातात गेला. त्यात जळवांच्या बारा जाती आहेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. जळू कशी पकडायची, कुठल्या पाण्यात ठेवायची, कधी लावायची हे तर आहेच, पण रक्त पिऊन झाल्यावर तिचं काय करायचं हेही आहे. तांदळाचं पीठ अंगाला चोळून, तोंडाला तेल-मीठ लावून, शेपटाकडून हळूहळू निपटत तिला ओकारी काढायला लावायची. नीट ओकली नाही तर तिला इंद्रमद नावाचा असाध्य रोग होतो, असं सुश्रुत लिहितो. रोग्यावर उपचार करताना जळवेचा आजार वैद्याच्या डोक्यात आहे! पुढे १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असल्याचं दाखवलं, त्याला आपण हिरुडिन म्हणतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शस्त्रक्रियेनंतर तुंबलेलं रक्त काढण्यासाठी जळवा वापरायला परवानगी दिली.

मुंबईचा या इतिहासाशी आणखी एक जुना धागा आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी वैद्यकी केली आणि १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला खंडाने मिळालं. टाऊन हॉलच्या मागे जिथे पुढे इंग्रजांचा किल्ला झाला, तिथे त्याचं घर होतं. इथल्या औषधींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मिरी आणि आंब्यासोबत त्यात देवमाशाच्या पोटातून येणारा अंबर आहे, लाख आहे आणि बेझोअर आहे. बेझोअर म्हणजे बोकडासारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात केसांवर, काड्यांवर थर चढून बनलेला खडा. मूळ फारसी शब्द ‘पादजहर’, विषाला अडवणारा. आपल्याकडचा जहरमोहरा नावाचा खडाही त्याच समजुतीतला. राजेरजवाडे तो सोन्यात मढवून ठेवत. मागणी इतकी वाढली की सतराव्या शतकात गोव्याच्या जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी माती, कस्तुरी, अंबर, मोत्यांचा चुरा मळून कृत्रिम खडे बनवले आणि तेही युरोपात भारी किमतीला गेले. दुर्मीळ म्हणून महाग, महाग म्हणून गुणकारी, आणि मग खोटा माल. ही साखळी तेव्हापासून तुटलेली नाही.

कोळीवाड्यातली रीत याहून साधी होती. बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून मोरीचं, म्हणजे लहान मुशीचं कालवण, सर्दीला काळ्या चिंबोऱ्यांचा तिखट रस्सा. हे औषध की जेवण, असं कोणी विचारलं नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून कॉड माशाचं तेल येणं थांबलं तेव्हा आपल्याकडे मुशीच्या यकृताचं तेल काढायला लागले, त्यातही अ जीवनसत्त्व भरपूर. गल्लीतून ‘गाढवीचं दूध’ अशी हाळी देत बायका यायच्या आणि समोर दूध काढून चमच्याने विकायच्या. हे दूध आईच्या दुधाच्या बरंच जवळचं, साखर जास्त आणि स्निग्धांश कमी. पण कच्चं दूध तान्ह्याच्या तोंडात घालणं धोक्याचं, हेही तितकंच खरं.

इथवर मी पूर्वजांच्या बाजूने उभी आहे. पुढे नाही.

कुर्ल्याला शाळेत जाताना स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर एक माणूस कापड अंथरून बसायचा. कापडावर चार-पाच सांडे. मातकट रंगाचे, काटेरी शेपटीचे, डोळे उघडझाप करणारे. मला वाटायचं, किती शहाणे आहेत, पळत नाहीत. त्यांचे कणे मोडलेले असतात हे मोठेपणी कळलं. शेजारी स्टोव्हवर कढई आणि त्यात चरबी वितळत असायची. सांधेदुखीपासून पुरुषाच्या दुबळेपणापर्यंत सगळ्यावर तेच तेल. सांडा हा कच्छ आणि राजस्थानच्या वाळवंटात बीळ करून राहणारा, पाला खाणारा निरुपद्रवी सरडा. त्याच्या चरबीत इतर कुठल्याही चरबीत असतात तीच मेदाम्लं सापडतात. घोरपडीच्या तेलाची गोष्ट वेगळी नाही. ‘हातजोडी’ नावाची दुर्मीळ मुळी म्हणून जे विकतात, ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. कोकणात खवले मांजराच्या खवल्यांसाठी सापळे लागतात, आणि ते खवले आपल्या नखांच्याच केराटिनचे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळे प्राणी राखलेले आहेत आणि जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा तर १९५४ पासून आहे. तरी बाटली विकली जाते, आता मोबाइलवरूनही. जळवेच्या ओकारीची काळजी घेणाऱ्या विद्येचं नाव सांगत कोणी जिवंत प्राण्याचा कणा मोडतो, तेव्हा त्याला परंपरा म्हणू नये असं मला कळकळीने वाटतं.

साप चावला की कोंबड्या लावायची पद्धत आपल्या खेड्यांत होती. कोंबडीची गुदाची जागा दंशाच्या जखमेला दाबून धरायची, ती मेली की ‘विष ओढलं’ म्हणायचं आणि दुसरी घ्यायची. कोंबडी दाबल्यानेच गुदमरायची. त्या अर्ध्या-पाऊण तासात रोगी मात्र हातचा जायचा. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू आणि कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे, तो याच अनुभवातून. विंचवाचं म्हणाल तर महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीने लाल विंचवाच्या दंशातले मृत्यू शंभरात चाळीसवरून एकाच्या आसपास आणले.

सापाच्या विषावर मात्र प्राण्यावाचून अजून चालत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच पुढे हाफकिन संस्था झाली आणि प्रतिसर्पविषासाठी नावाजली. घोड्याला विषाची अगदी बारीक मात्रा देतात, ती हळूहळू वाढवतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढून घेतात. त्यातला द्रव वेगळा करून शुद्ध करतात आणि लाल पेशी पुन्हा घोड्याच्याच अंगात सोडता येतात. घोडा जगतो. कुपीवर चार सापांची नावं असतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्याच्या विषावर त्या कुपीत अजून काही नाही.