खाजेवरील औषधी मलम

त्वचेची खाज, आग, लाली किंवा चुरचुर शमवण्यासाठी वरून लावायचे औषध. क्रीम, ऑइंटमेंट, लोशन, जेल असे त्याचे प्रकार असले, तरी बोलण्यात या सगळ्यांना ‘मलम’ किंवा नुसते ‘ट्यूब’ म्हणतात. खाज हे लक्षण आहे. इसब, गजकर्ण, खरूज, घामोळे, अंगावर पित्त उठणे, थंडीत कोरडी पडलेली कातडी, डास किंवा किडा चावणे अशा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या कारणांनी ती सुटते आणि एका खाजेला उतार देणारे औषध दुसरीला वाढवू शकते. काही मलमे तर मूळ रोग जागच्या जागी ठेवून खाज तेवढी दोन दिवसांत थांबवतात. रुग्णाला वाटते, गुण आला. मलमापासून होणाऱ्या अपायांपैकी बरेचसे या एका गैरसमजातून होतात.

ट्यूबवर ठळक अक्षरांत असते ते कंपनीने दिलेले नाव. आत काय आहे ते त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले असते आणि वाचायचे ते तेच. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल अशी ‘ॲझोल’ने संपणारी बहुतेक नावे बुरशीनाशकांची असतात, टर्बिनाफाइन हेही बुरशीनाशकच. हायड्रोकॉर्टिसोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडे, म्हणजे त्वचेचा दाह दाबणारी औषधे. क्लोट्रिमॅझोल आणि क्लोबेटासोल ही नावे कानाला इतकी जवळची वाटतात की घाईत गल्लत सहज होते, आणि त्यांची कामे मात्र अगदी वेगळी आहेत. जेंटामायसिन, निओमायसिन, फ्युसिडिक ॲसिड ही जंतुसंसर्गावरची. पर्मेथ्रिन खरजेच्या किड्यावरचे. कॅलामाइन, मेन्थॉल, कापूर यांनी त्वचेला थंडावा मिळून खाज तात्पुरती कमी होते. कॅलामाइन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड; त्याचा गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. घामोळे किंवा डास चावणे यांसारख्या साध्या त्रासाला ते पुरते. कापूर असलेले मलम मात्र तान्ह्या मुलांना लावू नये आणि ते कोणाच्याही पोटात जाऊ देऊ नये, कारण कापराच्या विषबाधेने झटके येतात. ट्यूबच्या नावापुढे ‘एन’, ‘सी’, ‘जीएम’ अशी अक्षरे असली, तर आत सहसा एकाहून अधिक औषधे असतात. तेव्हा घटक वाचल्याशिवाय ती उघडू नये.

स्टेरॉइडची मलमे वाईट नव्हेत. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन वरून लावल्याने काही त्वचारोगांना उतार पडतो असे दाखवले आणि इसबाने रात्र रात्र जागणाऱ्या रुग्णांसाठी खरोखरच नवे दार उघडले. आजही इसबाच्या उपचाराचा कणा स्टेरॉइडचीच मलमे आहेत. त्यांच्या ताकदीत मात्र प्रचंड तफावत असते. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का तीव्र, तर क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्का अतितीव्र गटात मोडते. टक्केवारीचा आकडा लहान म्हणून औषध सौम्य असे समजणे ही मोठी चूक. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांहून अधिक आणि आठवड्याला ५० ग्रॅमहून अधिक वापरू नये, अशी मर्यादा त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते. तीव्र स्टेरॉइड बरेच दिवस लावल्याने कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, काखेत आणि जांघेत कायमचे पट्टे उमटतात. डोळ्यांभोवती वारंवार लावल्यास काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो.

भारतात या औषधाचा सर्वाधिक गैरवापर गजकर्णावर झाला आहे. गजकर्णाची (काही भागांत नायटा म्हणतात) बुरशी त्वचेच्या वरच्या, केराटिन या कठीण प्रथिनाच्या थरात वाढते. चट्ट्याची लाल, उचललेली कड आणि खाज ही शरीराने तिच्याशी चालवलेल्या झुंजीची खूण असते. स्टेरॉइड लावले की झुंज थांबते, लाली मावळते, खाज जाते आणि बुरशीला रान मोकळे होते. ट्यूब संपली की चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येतो, कधी एका कड्यात दुसरे कडे उमटते, कधी ओळखीची कडच पुसट होते आणि अनुभवी नजरही फसते. आइव्ह आणि मार्क्स या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६८ मध्ये या रूपाला ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे ओळख लपवलेले गजकर्ण, असे नाव दिले. अलीकडे टर्बिनाफाइनला न जुमानणारी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ ही बुरशी भारतीय उपखंडात पसरली आहे. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिला हे नाव दिले. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र घातलेल्या मलमांचा वाटेल तसा वापर हे या साथीमागचे एक कारण असल्याचे अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

अशी मलमे मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय सहज मिळत राहिली, त्याला कायद्यातली एक फटही कारणीभूत होती. शेड्यूल एच या यादीतील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची, पण वरून लावायच्या औषधांना त्यातून सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या ‘आयएडीव्हीएल’ या अखिल भारतीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध सातत्याने मोहीम चालवली. २०१८ मध्ये वरून लावायची १४ स्टेरॉइडे या यादीत घालण्यात आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर केंद्र सरकारने बंदी घातली, तीत अशी काही मलमेही होती. तरीही ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढ्या मागणीवर काउंटरवरून काय हाती येईल याचा भरवसा धरता येत नाही.

गजकर्णावर बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कपडे नीट वाळत नाहीत. दमट अंतर्वस्त्रे आणि कंबरेचा कायम ओला राहणारा करदोटा यांमुळे बरा झालेला चट्टा पुन्हा डोके वर काढतो. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा.

मलम किती घ्यावे, याचे एक सोपे माप आहे. पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत पिळलेली ओळ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच ओळी, एका हाताला दंडापासून मनगटापर्यंत तीन, एका पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत सहा असा हिशेब धरतात. म्हणजे एका पायाला दिवसातून एकदा लावायचे तर १५ ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपेल. ती महिनाभर पुरत असेल तर औषध कमी लावले जात आहे. बोटभर चट्ट्यावर आठवड्यात अख्खी ट्यूब रिकामी होत असेल, तर फार जास्त.

जागा कोणती हेही तितकेच महत्त्वाचे. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनवर केलेल्या मोजणीत, कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूने शोषलेले औषध एक धरले तर कपाळाने सहा पट, जबड्याच्या कडेने तेरा पट आणि वृषणाच्या त्वचेने बेचाळीस पट औषध शोषले. तळपायाचे शोषण मात्र सातव्या हिश्शाएवढेच होते. म्हणून तळपायाच्या जाड इसबासाठी दिलेली ट्यूब जांघेत किंवा गालावर लावणे घातक ठरते. वरून प्लास्टिक गुंडाळले, घट्ट पट्टी बांधली किंवा बाळाला डायपर घातला तरी शोषण वाढते. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे मोठ्यांचे मलम त्यांना लावू नये. गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच लावावे.

लावण्याआधी जागा कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्यावी, मलम पातळ पसरावे, नंतर हात धुवावेत (हातांवरच औषध लावले असेल तर अर्थातच नाही). कोरड्या त्वचेसाठी मॉइश्चरायझरही दिले असेल, तर दोन्हींमध्ये साधारण अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. पाझरणाऱ्या जागेवर क्रीम किंवा लोशन, जाड भेगाळलेल्या कातडीवर ऑइंटमेंट आणि केसांत लोशन सोयीचे पडते. पॅराफिन असलेले मलम कपड्यांत व चादरीत मुरले की ते कापड झटकन पेट घेते. देवघरातला दिवा, गॅस, विडी यांपासून जपावे.

खरजेची गोष्ट वेगळी. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीभोवती येणारी आणि घरात एकाहून अधिक जणांना सुटलेली खाज बहुधा हीच. पर्मेथ्रिन पाच टक्के प्रौढांनी मानेपासून तळपायापर्यंत रात्री लावायचे, आठ ते बारा तासांनी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. हे घरातल्या सर्वांनी एकाच रात्री केले नाही तर उपयोग होत नाही. नंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते; तेवढ्यासाठी मलम रोज लावत राहू नये.

कधी मलमच खाजेचे कारण ठरते. निओमायसिनची आणि सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. मलम लावल्यावर लाली वाढून जागा फोडांनी भरली तर ते धुऊन बंद करावे. पू, ताप, मधासारख्या रंगाच्या खपल्या, डोळ्याजवळचे पुरळ किंवा काहीच पुरळ नसताना सर्वांगाला सुटलेली खाज (यामागे यकृत, मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो) यांसाठी थेट डॉक्टरांकडे जावे.

गोरेपणासाठी किंवा वांगावर स्टेरॉइडमिश्रित क्रीम महिनोन्‌महिने लावणाऱ्यांचा चेहरा त्या औषधावर अवलंबून राहू लागतो. सोडले की दोन-चार दिवसांत चेहरा लाल होऊन पेटल्यासारखा जळतो, पुरळ येते आणि ते सहन न होऊन माणूस पुन्हा तीच ट्यूब घेतो. अशा वेळी आरशात दिसते ती लाली मूळ रोगाची नसते. औषध आपल्या मनाने एकदम न तोडता त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सोडवावे लागते आणि त्वचा पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात.