अभ्यासाचे 21 तास आणि केअरर्स अलाउन्स: ब्रिटनमधल्या एका अटीची पार्श्वभूमी

घरच्या आजारी किंवा अपंग माणसाची आठवड्याला 35 तास काळजी घेणारा विद्यार्थी केअरर्स अलाउन्ससाठी, म्हणजे अशा काळजीवाहकांना सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्यासाठी, अर्ज करतो, तेव्हा त्याचे घोडे अडते ते शिक्षणाच्या अटीवर. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये फुल-टाइम शिकणाऱ्याला हा भत्ता मिळत नाही. आठवड्याला 21 तास किंवा त्याहून जास्त शिक्षण झाले की कायद्याच्या लेखी तो फुल-टाइम. ही अट आजही ज्या नियमावलीत आहे, ती 1976 ची आहे. भत्त्याचे नाव, दर आणि पात्र माणसे सगळे पालटले. नियमावलीच्या शीर्षकात मात्र अजून जुनेच नाव आहे, इनव्हॅलिड केअर अलाउन्स.

या भत्त्यामागे 1960 च्या दशकातली अविवाहित मुलींची मोहीम होती. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी नोकरी सोडलेल्या या बायकांच्या हाती ना पगार उरत होता, ना पेन्शनची सोय. 1976 मध्ये भत्ता सुरू झाला तो बुडालेल्या पगाराची थोडी भरपाई म्हणून. म्हणूनच विवाहित किंवा जोडीदारासोबत राहणाऱ्या स्त्रियांना तो नाकारला गेला: त्या तशाही घरीच असतात, असे त्यामागचे गृहीतक. एका विवाहित मुलीने आईच्या काळजीसाठी दावा लावला, प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि 1986 मध्ये निकाल लागण्याच्या तोंडावर सरकारने माघार घेतली. विद्यार्थ्यांना वगळण्यामागचा तर्क याच साच्यातला आहे. विद्यार्थ्याचा पगार बुडालेलाच नाही आणि त्याच्या खर्चासाठी शिक्षण खात्याची कर्जे व अनुदाने आहेत, ही सरकारची भूमिका आजतागायत कायम आहे. स्त्रियांबाबतचे गृहीतक दहा वर्षांत गेले. विद्यार्थ्यांचे टिकून राहिले, आणि कर्ज फेडावे लागते, भत्ता फेडावा लागत नाही, हा साधा फरक त्यात दरवेळी नजरेआड होतो.

2002 मध्ये भत्त्यासाठीची वयाची वरची मर्यादा हटली आणि 2003 मध्ये भत्त्याला आजचे नाव मिळाले. शिक्षणाच्या अटीवरचा खरा वाद याच सुमारास न्यायालयात पोहोचला.

नियमात लिहिले आहे की 21 तासांत शिकवणी, परीक्षा, प्रात्यक्षिके, अभ्यासक्रमात ठरलेले प्रकल्प आणि ‘देखरेखीखालचा अभ्यास’ धरायचा. जेवणाची सुट्टी आणि ‘देखरेखीविना अभ्यास’ धरायचा नाही, मग तो वर्गाच्या आवारात केलेला असो वा बाहेर. सरळ वाचणाऱ्याला वाटते की समोर शिक्षक असेल तेवढाच वेळ मोजायचा. कला शाखेतल्या अनेक पदवी अभ्यासक्रमांत आठवड्याला 8 ते 12 तासच वर्ग असतात, म्हणजे फुल-टाइम पदवी करूनही भत्ता मिळायला हवा. पुष्कळांनी असाच हिशेब करून अर्ज भरले.

2002 मध्ये उत्तर आयर्लंड आणि इंग्लंड अशा दोन्ही ठिकाणच्या अपील न्यायालयांनी हा अर्थ नाकारला. देखरेख म्हणजे शेजारी कुणी उभे असणे नव्हे, असे त्यांनी ठरवले. शिक्षकाने नेमून दिलेला आणि अभ्यासक्रमाची गरज म्हणून करावा लागणारा अभ्यास घरच्या टेबलावर, रात्री अकरा वाजता, आईचे औषध देऊन झाल्यावर केला तरी तो देखरेखीखालचाच. निबंध, त्यासाठीचे वाचन, पुढच्या तासाची तयारी हे सगळे 21 मध्ये जाते. देखरेखीविना म्हणून उरतो तो फक्त अभ्यासक्रमाच्या गरजेपलीकडे स्वतःच्या हौसेने केलेला अभ्यास. ‘आवारात असो वा बाहेर’ या शब्दांना त्यानंतर फारसे काम उरले नाही.

2010 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने याच वाटेने पुढचे पाऊल टाकले. एखादा विद्यार्थी प्रत्यक्षात किती तास बसतो यापेक्षा अभ्यासक्रम त्याच्याकडून किती तासांची अपेक्षा करतो ते पाहायचे. विद्यापीठ अभ्यासक्रमाला फुल-टाइम म्हणत असेल, तर तो तसाच आहे असे धरून चालायचे आणि उलटे सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यावर. झटपट वाचणाऱ्याला किंवा काळजीपायी तास बुडवणाऱ्याला सूट नाही. काही विषयांतून विद्यापीठानेच अधिकृत सवलत दिली असेल, तरच वेगळा विचार होऊ शकतो. कायद्याच्या अंगाने हे सुसंगत असेल. पण 35 तास काळजी घेऊन उरलेल्या वेळात जमेल तसे शिकणाऱ्याची खरी स्थिती या मोजपट्टीत कुठेच उमटत नाही.

त्यामुळे आज अर्ज करताना वेळापत्रकाकडे पाहून उपयोग नाही, क्रेडिट मोजावे लागतात. ब्रिटिश विद्यापीठांत 1 क्रेडिट म्हणजे 10 तासांचा एकूण अभ्यास. फुल-टाइम वर्षाचे 120 क्रेडिट म्हणजे 1200 तास; 30 आठवड्यांत विभागले तर आठवड्याला 40. पार्ट-टाइमचे 60 क्रेडिट म्हणजे 600 तास. 30 आठवड्यांत आठवड्याला 20, म्हणजे हद्दीच्या जेमतेम आत. तेच 60 क्रेडिट 24 आठवड्यांत उरकणारा अभ्यासक्रम 25 तासांवर जातो आणि नावाला पार्ट-टाइम असूनही भत्ता बुडतो. नेमके 21 तास भरले तरी अपात्रच, कारण नियम ‘21 किंवा अधिक’ असा आहे. म्हणून कॉलेजकडून पत्र घेताना ‘पार्ट-टाइम’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. वर्ग आणि नेमून दिलेला अभ्यास मिळून आठवड्याचे अपेक्षित तास, एकूण आठवडे, सुरुवातीची आणि शेवटची तारीख हे सगळे त्यात लिहून घ्यावे.

दुसरी फसगत सुट्टीची. उन्हाळ्यात वर्ग नाहीत म्हणून त्या तीन महिन्यांपुरता अर्ज करता येत नाही. अभ्यासक्रम संपेपर्यंत, किंवा तो सोडेपर्यंत अथवा त्यातून काढले जाईपर्यंत, सुट्टीत आणि तात्पुरत्या खंडातही नेहमीचेच तास धरले जातात. आईच्या शस्त्रक्रियेसाठी एक सत्र रजा घेतली आणि नाव विद्यापीठाच्या पटावर राहिले, तर तो तात्पुरता खंड ठरू शकतो. अभ्यासक्रम खरोखर संपला किंवा सोडला की मात्र लगेच अर्ज करावा. पात्रता असेल तर मागच्या तीन महिन्यांपर्यंतचा भत्ता मिळू शकतो. आधीपासून भत्ता घेणाऱ्याने शिक्षण सुरू होताच कळवायला हवे. नाहीतर जादा दिलेली रक्कम वसूल होते, आणि 2025-26 च्या 83.30 पाउंड या साप्ताहिक दराने एका शैक्षणिक वर्षाची वसुली हजारोंत जाते. नकार आला तर साधारण महिन्याभरात फेरविचार मागता येतो आणि त्यानंतर ट्रिब्युनलकडे अपील करता येते.

भारतातून स्टुडंट व्हिसावर गेलेल्यांना हा प्रश्न लागूच होत नाही, कारण त्या व्हिसावर सार्वजनिक निधीतून काही घ्यायला मनाई असते आणि केअरर्स अलाउन्स त्यातच मोडतो. तिथे कायम स्थायिक झालेल्या घरांतल्या मुलांना तो लागू होतो. त्यांनाही 2013 पासून मागच्या 156 आठवड्यांपैकी 104 आठवडे देशात असल्याची अट आहे. आजीच्या आजारपणासाठी वर्षभर पुण्यात राहून परतलेल्या मुलाने हे आकडे आधी मोजावेत.

स्कॉटलंडने दरम्यान वेगळी वाट धरली. 2019 मध्ये तिथे 16 ते 18 वयाच्या काळजीवाहकांसाठी वर्षातून एकदा 300 पाउंडांचे अनुदान सुरू झाले. त्याला आठवड्याला सरासरी 16 तास काळजी पुरते आणि शिक्षण आड येत नाही. पुढे 2023 च्या नोव्हेंबरात स्कॉटलंडमधल्या तीन परिसरांत केअरर्स अलाउन्सच्या जागी केअरर सपोर्ट पेमेंट सुरू झाले आणि वर्षभरात ते स्कॉटलंडभर पोहोचले. त्यात 20 किंवा त्याहून जास्त वयाचे फुल-टाइम विद्यार्थी आणि पदवीसारखे उच्च शिक्षण घेणारे 16 ते 19 वयाचे विद्यार्थीही पात्र आहेत. त्याच वयाची शाळेत किंवा शालेय पातळीवरच्या कोर्समध्ये 21 तास शिकणारी मुले मात्र आईवडिलांचा आधार नसलेल्यांसारखे मोजके अपवाद वगळता बाहेरच राहिली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत पदवी करणारी मुलगी वडिलांची काळजी घेत भत्ता घेऊ शकते. तोच अभ्यासक्रम आणि तेवढीच काळजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये असेल, तर तिला पार्ट-टाइमला जावे लागते किंवा भत्त्यावर पाणी सोडावे लागते.